व्यवस्था सिद्धांत आणि समाजकार्य: नाशिकच्या फील्डवर्कमधून वारंवार येणारे प्रश्न

दर वर्षी एम.एस.डब्ल्यू.ची (समाजकार्यातल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची) नवी तुकडी फील्डवर्कला उतरते आणि पंधरा दिवसांत माझ्या फोनवर तेच प्रश्न येऊ लागतात. आता त्यात शाळेतले शिक्षक, अंगणवाडीच्या पर्यवेक्षिका आणि नव्याने नोकरीला लागलेले समुपदेशकही असतात. प्रत्येकाला वेगळं उत्तर टाइप करण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवलं. उदाहरणं कामातली आहेत, पण कुणाची ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत, आणि काही ठिकाणी दोन-तीन घरं मिळून एक घर केलंय.

१. व्यवस्था सिद्धांत म्हणजे नेमकं काय? पुस्तकी व्याख्या नको.

सासूच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि नातवाची शाळा बुडाली. मधल्या कड्या अशा: नातवाला शाळेत सोडायचं काम सासूचं होतं. ती अंथरुणाला खिळली, सून कंपनीतून सुट्ट्या घेऊ लागली, ठेकेदाराने तिला कमी केलं, रिक्षाचे पैसे देणं परवडेना. फाइलवर मात्र 'मुलाची गैरहजेरी' एवढंच येतं.

माणसाची अडचण त्याच्या एकट्याच्या आत नसते. घर, काम, पैसा, शेजार, शाळा, दवाखाना, सरकारी नियम या सगळ्यांशी त्याची देवाणघेवाण चालू असते. एकीकडे बदल झाला की त्याचा ताण दुसरीकडे निघतो. तो कुठून कुठे जातो ते शोधायचं आणि आपला हात कुठे पोचतो ते ठरवायचं, एवढंच काम.

२. परीक्षेपुरती नावं आणि सालं सांगा ना!

सांगते. लुडविग फॉन बर्टलान्फी हा ऑस्ट्रियन जीवशास्त्रज्ञ. सजीव ही 'उघडी व्यवस्था' असते, म्हणजे बाहेरच्या जगाशी तिची सतत देवाणघेवाण चालते, ही त्याची मांडणी. सामान्य व्यवस्था सिद्धांतावरचं त्याचं पुस्तक १९६८ चं. समाजकार्यात तो चौकटीसारखा वापरला पिंकस आणि मिनाहन यांनी, १९७३ मध्ये. ॲन हार्टमन यांनी १९७५ मध्ये इकोमॅप, म्हणजे घराच्या बाहेरच्या जगाशी असलेल्या नात्यांचा नकाशा, तयार केला (प्रश्न ५). युरी ब्रॉनफेनब्रेनर यांची परिसराच्या थरांची मांडणी १९७९ ची, जर्मेन आणि गिटरमन यांचं 'जीवन प्रारूप' १९८० चं. मात्र 'माणसाला त्याच्या परिस्थितीत पाहा' हा आग्रह या सगळ्यांच्या आधीचा आहे. समाजकार्याच्या सुरुवातीच्या अभ्यासक मेरी रिचमंड १९१७ मध्येच तो धरून होत्या.

३. 'सगळ्याचा सगळ्याशी संबंध असतो' हे आमच्या आजीलाही माहीत आहे. मग सिद्धांत कशाला?

आजीला माहीत असतं, कारण ती त्या घरात चाळीस वर्षं राहिलेली असते. तुम्ही चाळीस मिनिटांसाठी जाता, त्यामुळे तुम्हाला काय विचारायचं याची यादी लागते. सिद्धांत ती यादी देतो.

आक्षेपात तथ्य नाही असं नाही. 'सगळं सगळ्याशी जोडलेलं आहे' असं म्हणून थांबणारे अहवाल मी भरपूर वाचलेत. ते वाचून काहीच करता येत नाही. नकाशा काढल्यावर 'मग सोमवारी कुणाला भेटायचं?' याचं उत्तर मिळत नसेल तर तो नकाशा वहीतच राहू द्या.

४. सेवार्थी व्यवस्था आणि लक्ष्य व्यवस्था यांतला फरक डोक्यात शिरत नाही.

पिंकस-मिनाहन यांचे चार भाग आहेत. बदल घडवणारी व्यवस्था म्हणजे तुम्ही आणि तुमची संस्था. सेवार्थी व्यवस्था म्हणजे ज्यांच्यासाठी काम करायचं ते. लक्ष्य व्यवस्था म्हणजे जिथे बदल व्हायला हवा ती जागा. कृती व्यवस्था म्हणजे तो बदल घडवायला ज्यांना सोबत घ्यायचं ते. सेवार्थी आणि लक्ष्य एकच असतील असं आपण न तपासता धरून चालतो. मीही चालले होते.

अंबडच्या एका कामगार वस्तीतली सातवीतली मुलगी. वारंवार गैरहजर. शाळेचा शेरा: 'अभ्यासात रस नाही'. मी तिचं चार वेळा समुपदेशन केलं. शिक्षणाचं महत्त्व, स्वप्नं, सगळं झालं. ती मान डोलवायची आणि पुन्हा गैरहजर राहायची. पाचव्या वेळी मी हजेरीपत्रक मागून तारखा उतरवून घेतल्या. एका आठवड्यात सोम-बुध-शुक्र, पुढच्या आठवड्यात मंगळ-गुरु-शनि. ठरावीक वार नव्हता म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. दिवसाआड होतं ते. वस्तीत पाणी दिवसाआड यायचं, सकाळी साडेनऊच्या सुमारास. आई फर्स्ट शिफ्टला, वडील गाडीवर, धाकटा भाऊ आठ वर्षांचा. ड्रम भरायला घरी कोण थांबणार?

आता चार भाग लावून पाहा. सेवार्थी ती मुलगी आणि तिची आई. लक्ष्य मात्र मुलीचं मन नव्हतं. पाण्याची वेळ आणि उशिरा आलेल्या मुलांना आत न घेण्याचा शाळेचा नियम, ही दोन लक्ष्यं होती. कृती व्यवस्थेत आल्या पलीकडच्या खोलीतल्या आजी. त्या नळी लावून ड्रम भरून द्यायला तयार झाल्या, बदल्यात मुलगी संध्याकाळी त्यांची भाजी आणि गोळ्या आणणार. वर्गशिक्षिकेने पाण्याच्या दिवशी दुसऱ्या तासाला घ्यायचं कबूल केलं, म्हणजे आजी गावाला गेल्या तरी अडायला नको. पाण्याच्या वेळेसाठी अर्जही केला. वेळ बदलली, दीड महिन्याने पुन्हा पहिल्यासारखी झाली. आजींची व्यवस्था टिकली.

५. इकोमॅप कसा काढायचा?

मधोमध मोठं वर्तुळ, त्यात घरातली माणसं. भोवती छोटी वर्तुळं: काम, शाळा, दवाखाना, रेशन, नातेवाईक, बचत गट, देऊळ-मशीद-विहार, सावकार, जे असेल ते. मग रेषा. घट्ट नात्याला जाड रेषा, नावापुरत्या नात्याला तुटक, ताणाच्या नात्याला आडव्या काट्यांची. मदत किंवा शक्ती कुठून कुठे जाते ते बाणांनी दाखवायचं. बाण विसरू नका. बचत गटाची रेषा जाड असते, पण बाण बऱ्याचदा बाईकडून बाहेरच जात असतो.

आपण ऑफिसात बसून काढायचा नाही, घरच्यांसोबत काढायचा. सुरगाणा-पेठच्या पाड्यांवर कागद-पेन काढलं की लोकांना वाटतं सर्वेवाले आले, योजना मिळणार. तिथे मी अंगणात खडे मांडते. एका म्हातारबाबांनी फॉरेस्टचा खडा स्वतः उचलून घराच्या इतका जवळ ठेवला की मला पुढचा अर्धा तास त्यावरच बोलावं लागलं. माझ्या यादीत फॉरेस्ट नव्हतंच.

६. जिनोग्राम पण काढायचा का?

जिनोग्राम म्हणजे वंशावळीसारखा घराण्याचा नकाशा. आजार, व्यसन, लवकर लग्नं, घराण्यातले जुने अबोले असं पिढ्यांमधून येणारं काही दिसत असेल तर काढा. तीन पिढ्या, पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, मृत व्यक्तीवर फुली. शाळाप्रवेशाच्या किंवा दाखल्याच्या केसला याची काही गरज नाही. इकोमॅप आजचा फोटो आहे, जिनोग्राम मागचा इतिहास. मृत्यूबद्दल विचारताना घाई करू नका.

७. 'सीमा' म्हणजे काय? उघडी सीमा चांगली आणि बंद सीमा वाईट, असं आहे का?

नाही. व्यवस्थेत काय आत येतं आणि काय बाहेर जातं हे ठरवणारी ती सीमा. नवरा वारल्यावर वर्षभर कुणालाच उंबऱ्याच्या आत न घेणारी बाई आपल्याला 'बंद' वाटते, पण घराच्या कागदांवर दिरांचा डोळा असेल तर ती शहाणी आहे. उलट एकाच चाळीत चार चुलत घरं राहतात, कुणीही येऊन मुलाला मारतं, कुणीही जेवू घालतं. तिथे 'या मुलाचा निर्णय कुणाचा?' हे कुणालाच सांगता येत नाही. सीमा कुणाचं रक्षण करतेय आणि कुणाला कोंडतेय, हे विचारा. कोंडत असेल तर प्रश्न १२ वाचा.

८. निगेटिव्ह फीडबॅक म्हणजे टीका ना? आणि समतोल साधणं हेच आपलं ध्येय ना?

दोन्हींचं उत्तर नाही असंच आहे. पहिला गैरसमज तर पेपर तपासताना दर वर्षी भेटतो.

गंगापूर धरणात पाणी वाढलं की विसर्ग सुरू होतो आणि पातळी पुन्हा ठरलेल्या रेषेकडे येते. बदल दाबून मूळ जागी आणणारा तो निगेटिव्ह फीडबॅक. त्यात चांगलं-वाईट काही नाही. बदल आणखी वाढवणारा तो पॉझिटिव्ह: ती बोलते म्हणून तो बाहेर राहतो, तो बाहेर राहतो म्हणून ती जास्त बोलते. विसर्गाचं पाणी गोदाघाटावर आलं की अख्खं नाशिक घाटावरच्या दोन तोंडांच्या मारुतीच्या मूर्तीकडे बघून विचारतं, दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलं? गुडघ्याला, कमरेला, छातीला. मारुती पूर आणत नाही आणि थांबवतही नाही, पण त्याच्याकडे बघून भांडी बाजारातले दुकानदार माल हलवायला घेतात. प्रत्येक घरात असा एक दुतोंड्या मारुती असतो. बऱ्याचदा ते एखादं मूल असतं: अंथरूण ओलं करणारं, पोट दुखतंय म्हणणारं. आपण त्याच्यावरच उपचार करत बसतो.

आता समतोल. वडील व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आले, दारू सुटली. दोन महिन्यांनी आई म्हणते, 'मॅडम, पहिलंच बरं होतं.' ऐकणाऱ्याला राग येतो. पण मधल्या सहा वर्षांत घर त्यांच्याशिवाय चालायला शिकलं होतं. पगार मोठी मुलगी ठेवायची, भांडण झालं की मुलगा मधे पडायचा, आईला माहेरचा आधार मिळायचा. वडील शुद्धीवर आले आणि पैशाचा हिशेब मागू लागले, तशी सगळ्यांची जागा हलली. घर जुन्या समतोलाकडे ओढतं, आणि तो जुना समतोल दारूसकटचा असतो. म्हणून पुनर्वसनाच्या केसमध्ये मोठ्या मुलीशी वेगळं बोला. तिच्याकडून पगाराची चावी काढून घेतली जातेय, आणि तिला कुणी 'शाब्बास' म्हटलेलं नाही.

९. मायक्रो, मेसो, एक्सो, मॅक्रो: नाशिकचं उदाहरण देता का?

चांदवडकडचा दहावीतला मुलगा घ्या. घर, वर्ग, मित्र ही त्याची सूक्ष्म व्यवस्था. घर आणि वर्ग यांचं एकमेकांशी नातं ती मध्य व्यवस्था. वर्गशिक्षकांकडे आईचा फोन नंबर नसणं हा तिथला बिघाड. लासलगावच्या कांदा लिलावात हा मुलगा कधी उभा राहिलेला नाही, पण तिथल्या भावावर त्याच्या क्लासची फी ठरते. ती बाह्य व्यवस्था. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्यावर निर्यातबंदी आली ती मे २०२४ पर्यंत राहिली. असं धोरण, आणि 'शेती कमीपणाची, नोकरीच हवी' ही समजूत, हा सर्वांत बाहेरचा थर. काळाचा थर ब्रॉनफेनब्रेनर यांनी पुढे जोडला. त्यासाठी पुढचा प्रश्न पाहा.

१०. द्राक्षाच्या मळ्यावर आलेल्या मजुरांना दहा वेळा सांगितलं, मुलं शाळेत घालत नाहीत. पालकांची मानसिकता कशी बदलायची?

या प्रश्नात लक्ष्य व्यवस्था आधीच ठरवून टाकली आहे (प्रश्न ४). ती बाजूला ठेवू.

पेठ, सुरगाण्याकडची कुटुंबं भात-नागलीची कापणी उरकली की दिंडोरी-निफाडकडे उतरतात. ऑक्टोबरच्या छाटणीपासून विरळणी, मग जानेवारी ते एप्रिल काढणी. शाळेचं वर्ष जूनचं, द्राक्षाचं ऑक्टोबरचं. दोन कॅलेंडरं एकमेकांवर आदळतात. आपण जानेवारीत मळ्यावर जाऊन समजावतो. पण निर्णय झालेला असतो पावसाळ्यात, घरातलं धान्य संपत आल्यावर मुकादमाकडून उचल घेतली तेव्हा. जानेवारीत पालकांच्या हातात ठरवण्यासारखं फार थोडं उरतं.

शिवाय मुलगी मळ्यावर येते ती नुसती आईबापांच्या मागे येत नाही. दीड वर्षाच्या भावंडाला सांभाळायला कुणीतरी हवं असतं. मळ्याजवळच्या अंगणवाडीत धाकट्याची सोय झाली की मोठी मोकळी होते. 'मानसिकता' बदलण्यापेक्षा हे पुष्कळ सोपं आहे. मग पुढची कडी: जवळची जिल्हा परिषद शाळा किती लांब, मधे हायवे आहे का, तिथल्या गुरुजींना कोकणा बोली कळते का, मूळ शाळेने शिक्षण हमी कार्ड (स्थलांतरित मुलाला दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून मिळतं ते) दिलंय का.

माझ्या मते सर्वांत उपयोगी भेट मुकादमाची, आणि ती भाद्रपदात. टोळीत कोण येणार, कुणाची पोरं किती वयाची, कोणत्या गावात उतरणार हे त्याला दोन महिने आधी माहीत असतं. त्याच्याशी बोलणं अनेकांना तत्त्वाच्या विरुद्ध वाटतं. मलाही पहिल्या वर्षी वाटलं होतं. बोललो म्हणजे त्याच्या व्याजाला मान्यता दिली असं होत नाही. वेठबिगारीसारखं काही दिसलं तर ती वेगळी आणि कायद्याची गोष्ट आहे.

११. माझ्याकडे साठ केसेस आहेत. प्रत्येकीचा नकाशा कधी काढू?

काढू नका. जी केस तीन महिने हलत नाही तिचाच काढा. पंधरा मिनिटं, एक कागद, आणि एकच प्रश्न: ही अडचण आहे तशी राहण्यात कुणाकुणाचं काहीतरी चाललंय?

१२. नवरा मारतो. व्यवस्था सिद्धांताने पाहिलं तर 'दोघांचाही वाटा' असतो ना?

नाही. इथे थांबायचं.

व्यवस्था सिद्धांतात कारणं वर्तुळात फिरतात. मी असं वागले म्हणून तू तसा, तू तसा म्हणून मी अशी. अबोल्याला ते लागू पडतं, मारहाणीला लावलं की हात उचलणाऱ्याची जबाबदारी वर्तुळात विरून जाते. स्त्रीवादी अभ्यासकांनी कुटुंबोपचारावर हीच टीका केली आणि ती बरोबर होती. मारहाण चालू असताना दोघांना एकत्र बसवू नका. ती तुमच्यासमोर जे बोलेल त्याचा हिशेब रात्री घरी होतो.

नकाशा इथेही काढता येतो, पण तिच्यापुरता आणि तिच्याजवळ न ठेवता: रात्री अकराला कुणाचं दार उघडेल, कागदपत्रं कुठे आहेत, कोण चांगुलपणाने त्याला जाऊन सांगेल. पुढचा रस्ता २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, संरक्षण अधिकारी, महिला हेल्पलाइन १८१ किंवा आपत्कालीन क्रमांक ११२.

मुलांवरच्या लैंगिक अत्याचारात तर विचाराला जागाच नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे कळलं की पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. 'आधी कुटुंबाशी बोलून बघू' हा पर्याय कायद्यात नाही. मदतीला मुलांची हेल्पलाइन १०९८ आहे. ठरलेला बालविवाह कळला तर गावात ग्रामसेवकाला गाठा, लग्नपत्रिकेची वाट पाहू नका.

१३. मुलाला स्किझोफ्रेनिया आहे. घरातल्या वातावरणामुळे झाला असं आईला सांगावं का?

कृपा करून सांगू नका. एकेकाळी तज्ज्ञही सांगत. आईच्या वागण्यातून हा आजार होतो असं मानलं जाई. १९५६ मध्ये ग्रेगरी बेटसन आणि सहकाऱ्यांनी घरातल्या परस्परविरोधी संदेशांशी त्याचा संबंध जोडला. कारण म्हणून ते टिकलं नाही, आणि त्यात एका पिढीच्या आया भरडल्या गेल्या.

टिकलं ते एवढं: घरात सतत टोचणी, राग किंवा जीव गुदमरेल इतकी काळजी असेल तर आजार उलटण्याचा धोका वाढतो. म्हणजे घर हे आजाराचं कारण नव्हे, पण बरं राहण्याच्या वाटेतला भाग आहे. आईला सांगायचं ते हे, आणि त्यासोबत 'तुम्ही शेवटचं नीट झोपलात कधी?' असं विचारायचं. गोळ्या चालू ठेवायच्या. रात्री-अपरात्री बोलायला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आहे. आत्महत्येची भाषा ऐकू आली तर नकाशा, वर्तुळं सगळं बाजूला. आधी माणूस सुरक्षित.

१४. या सिद्धांतात जात कुठे बसते? सगळं 'जुळवून घ्या' असंच वाटतं.

बरोबर वाटतं. समतोल म्हणजे न्याय नव्हे, हे सिद्धांत स्वतःहून सांगत नाही. ते आपल्याला आणावं लागतं.

नाशिककरांना उदाहरणासाठी लांब जायला नको. २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांसारखे कार्यकर्ते तो पुढे नेत राहिले. देवळाची सीमा बंद होती आणि आतल्यांच्या दृष्टीने व्यवस्था अगदी समतोलात होती. वर्षानुवर्षं बाहेरून संदेश गेला, व्यवस्थेने तो परतवला. १३ ऑक्टोबर १९३५ ला याच जिल्ह्यात, येवल्याला, बाबासाहेबांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. सीमा उघडत नसेल तर ती व्यवस्थाच सोडायची, हाही एक मार्ग असतो, आणि तो आपल्या पाठ्यपुस्तकातल्या बाणांमध्ये सहसा नसतो.

म्हणून नकाशावरच्या प्रत्येक रेषेशेजारी मी एक खूण करते: ही रेषा तोडायची ताकद दोघांपैकी कुणाकडे आहे? मजूर मळा सोडू शकतो का, की फक्त मालक मजुराला सोडू शकतो?

१५. अडचण कुटुंबात नाही, आमच्या संस्थेतच आहे. मग?

मग संस्थेचं वर्तुळ काढा आणि स्वतःचंही. एका संस्थेत माझ्या महिन्याच्या तक्त्यात 'गृहभेटींची संख्या' हा एकच रकाना होता. साहजिकच मी जवळच्या घरी चारदा जायचे आणि लांबच्या घरी एकदाही नाही. लांबच्या घरातली बाई 'प्रतिसाद देत नाही' असा शेरा मीच लिहिला होता. तक्ता बदलून घ्यायला मला दोन वर्षं लागली. तोवर मी वहीत मागच्या पानावर माझा वेगळा तक्ता ठेवला.

१६. नकाशा फाइलला लावावा का?

एक कच्चा, एक पक्का ठेवा. कच्च्यात शेजारणीचं भांडण, दिराचं कर्ज असं दुसऱ्यांचंही खासगी असतं आणि त्यांनी तुम्हाला परवानगी दिलेली नसते. फाइलला पक्का, नावांऐवजी नाती लिहून. कच्चा फाडा. मोबाइलमध्ये फोटो काढून ग्रुपवर 'मार्गदर्शन हवे' म्हणून टाकू नका. गेल्या वर्षी दोनदा आला, आणि एकात वस्तीचं नाव वाचता येत होतं.

१७. केस बंद कधी करायची? नकाशात काहीतरी उरतंच.

उरणारच. तुमच्याकडून घराकडे जाणारा बाण बघा. तो काढून टाकला तर बाकीच्या रेषांवर घर उभं राहतं का? अंबडच्या त्या मुलीच्या वेळी मी दोन महिने मुद्दाम गेले नाही. मग एकदा आजींना फोन केला. त्या म्हणाल्या, 'पोरगी शाळेत गेलीय, तुमचं काय काम होतं?'